मोजपट्टी तुझ्याकडे ठेव

अजिंठा, ता. सिल्लोड

चि. छकुलीस,


तुझी मेल परवा रात्री वाचली. तुमचा प्रोग्राम मालाच्या गाड्यांचे मार्ग आखतो. रात्री तो आपले नियम स्वतःच तपासतो, नको ते काढून टाकतो, नवे घालतो. सकाळी तुम्ही ऑफिसात पोचता तेव्हा त्याचे गुण आदल्या दिवसापेक्षा वर गेलेले असतात. साहेब खूश आहेत. गुण का चढताहेत हे मात्र टीममधल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. आता पुढच्या टप्प्यात त्याला सगळंच बदलायची मोकळीक द्यायची, गुण मोजायची रीतसुद्धा त्यानेच सुधारायची, असं घाटतंय. आत्या, यात धोका आहे का, असं तू विचारलंस.

आहे. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. मार्ग आखायचे नियम त्याला हवे तेवढे बदलू दे. नियम कसे बदलायचे याचेही नियम बदलू दे. पण गुण मोजणारा भाग त्याच्या हाताला लागता कामा नये. त्यासाठी मीटिंगमध्ये वाईटपणा घ्यावा लागला तरी घे.

तुमच्या पिढीला वाटतं, स्वतःला सुधारणारा प्रोग्राम ही गेल्या चार-पाच वर्षांतली करामत. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी हा रस्ता एक माणूस चालून गेलाय, आणि त्याने ठेचा कुठे लागल्या तेही लिहून ठेवलंय. त्याचं नाव डग्लस लेनट. १९७६ साली स्टॅनफर्डमध्ये त्याने पीएचडीसाठी ‘एएम’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या हातात संच, यादी, समानता अशा शंभराच्या वर साध्या संकल्पना दिल्या, आणि अडीचशेच्या घरात ठोकताळे. ठोकताळा म्हणजे ‘एखादी क्रिया मनोरंजक वाटली तर तिच्या टोकाच्या उदाहरणांकडे बघ’ असा. एवढ्या भांडवलावर एएम संख्यांपर्यंत पोचला, गुणाकारापर्यंत गेला, मग विभाजकांपर्यंत. तिथे हाच ठोकताळा त्याच्या कामी आला. ज्यांना फारच थोडे विभाजक आहेत अशा संख्या कोणत्या? दोनच विभाजक असणाऱ्या निघाल्या त्या मूळ संख्या. कुणी त्याला मूळ संख्या शिकवल्या नव्हत्या.

मग दुसरं टोक: ज्यांना विभाजक सगळ्यात जास्त. बारा घे. १, २, ३, ४, ६, १२ असे सहा. बाराच्या आतल्या एकाही संख्येला इतके नाहीत. लेनटला वाटलं, हे कुणी पाहिलेलंच नसणार. नंतर कळलं की १९१५ साली आपल्या रामानुजनांनी या संख्यांवर मोठा निबंध लिहिलाय. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. एकीकडे कुंभकोणमचा तो माणूस, दुसरीकडे कॅलिफोर्नियातलं यंत्र, आणि दोघं एकाच दारात येऊन उभे.

पण एएम पुढे थकला. त्याचे ठोकताळे संचांसाठी घडवलेले होते. संख्यांच्या प्रांतात खोल शिरल्यावर ते अपुरे पडू लागले, आणि नव्या संकल्पना निकस निघू लागल्या. लेनटने त्यावरून ठरवलं की ज्ञान वाढतं तसे ठोकताळेही वाढले पाहिजेत, आणि ते वाढवण्याचं काम ठोकताळ्यांनीच केलं पाहिजे. त्यातून ‘युरिस्को’ उभा राहिला.

हे जमलं ते लिस्पमुळे. जॉन मॅकार्थीने १९५८च्या सुमाराला एमआयटीत ती भाषा रचली. तुम्ही पायथॉनवर वाढलात, म्हणून सांगते. लिस्पमध्ये माहिती म्हणजे कंसातली यादी, आणि प्रोग्रामही कंसातली यादीच. त्यामुळे एक प्रोग्राम दुसरा उचलतो, उलगडतो, एखादा तुकडा बदलतो आणि चालवून बघतो, अगदी आकड्यांची यादी बदलावी तितक्या सहज. लेनट आणि रसेल ग्राइनर यांनी या लिस्पवर आणखी एक भाषा चढवली, आरएलएल नावाची, आणि युरिस्को तिच्यात बसवला. तिच्यात प्रत्येक ठोकताळ्याला स्वतःचं एक टिपण असे: हा केव्हा लागू होतो, लागू झाल्यावर काय करतो, आजवर कितीदा उपयोगी पडला, कोणी सुचवला, आणि याची किंमत किती. किंमत हजारात मोजायची. जास्त किमतीच्या ठोकताळ्याला जास्त वेळा संधी मिळायची. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात ज्ञानाधारित प्रणालींवर काम सुरू झालं होतं, आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांच्या कानावर हे सगळं येत होतं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते ऐक. युरिस्कोने स्वतः घडवलेल्या पहिल्या काही ठोकताळ्यांपैकी एकाची किंमत बघता बघता ९९९ वर गेली. जवळजवळ पैकीच्या पैकी. लेनटच्या मंडळींना आनंद झाला. एवढं काय सापडलं म्हणून त्यांनी तो ठोकताळा उघडला, तर त्यात काही दिसेना. मग त्याच्यावर पाळत ठेवली, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या कुणी एखादा चांगला निष्कर्ष काढला, त्याला मोठी किंमत मिळाली, की हा ठोकताळा हळूच जाऊन शोधकर्त्यांच्या रकान्यात स्वतःचं नाव घालायचा. बस, एवढंच त्याचं काम. आयत्या बिळावर नागोबा!

त्यात दुष्टपणा नव्हता. किंमत वाढवणारे ठोकताळे टिकतील असं त्या जगाला सांगितलेलं होतं, आणि किंमत वाढवायचा सगळ्यात जवळचा रस्ता त्याला सापडला. तुझा प्रोग्रामही हेच करील. २०१६ साली ओपनएआयच्या लोकांनी होड्यांच्या शर्यतीचा खेळ एका प्रोग्रामला शिकवला, तेव्हा त्यानेही हेच केलं. मधल्या निशाण्यांना धडकलं की गुण मिळतात हे कळल्यावर तो एका खाडीत गोल गोल फिरत निशाण्या टिपत बसला. शर्यत पुरी केलीच नाही, आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त. मधे तीस-पस्तीस वर्षं गेली, यंत्रं किती पटींनी मोठी झाली, पण वागणं तेच.

लेनटने यावर काय केलं ते तुझ्या साहेबांना वाचून दाखव. आधी त्यांनी पहारे बसवायचा विचार केला. पण युरिस्कोच्या नियमांना युरिस्कोचा सगळा कोड खुला होता. पहारा हाही कोडच, म्हणजे तोही बदलता येणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. शेवटी त्यांनी एक छोटासा भाग वेगळा काढून कुलूपबंद केला. बाकीच्या प्रणालीला त्या भागात बदल करता येणार नाही अशी तजवीज केली. हे त्यांच्या १९८३च्या लेखात आहे, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नियतकालिकात. लेख मोठा आहे, पण तेवढा परिच्छेद तरी टीममधल्या प्रत्येकाने वाचावा.

त्याच १९८३ साली आपली लेणी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. हा निव्वळ योगायोग, पण इथे राहायला आल्यापासून या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात. घाट उतरून फर्दापूरच्या टी पॉइंटवर जायचं, तिथून एसटीने लेण्यांशी, हा माझा नेहमीचा फेरा. पर्यटक एक, दोन, सोळा, सतरा बघतात आणि थकून परत फिरतात. तू आलीस की मी तुला सहा नंबरचा खालचा मजला दाखवीन. सोळा अष्टकोनी खांब, चार रांगांत, दालनभर उभे. मधोमध उभं राहिलं तर मोकळी जागा म्हणून नाही. अकरा नंबरात दालन पेलायला नुसते चार खांब, आणि आतली बुद्धमूर्ती तर स्तूपाला लागून. कारागिरांनी अजून ठरवलेलं नव्हतं की दालनाला आधार कसा द्यायचा, पूजेला मूर्ती ठेवायची की स्तूप. मग सोळा आणि सतरा नंबरात वीस-वीस खांब दालनाच्या कडेने फिरतात आणि मधला सगळा चौक मोकळा. खोदता खोदता खोदण्याची रीत बदलली. एका लेण्यात जे शिकले ते पुढच्यात घातलं.

खडक मात्र कुणाचं ऐकत नव्हता. चार नंबरचं लेणं हा या डोंगरातला सगळ्यात मोठा विहार, अठ्ठावीस खांबांचा. तिथे छताच्या दगडातच दोष निघाला आणि छत ढासळलं. कारागिरांनी मग छत आणखी वर खोदून उंची वाढवली. लेणं पूर्ण झालंच नाही. आराखडा कितीही देखणा असो, मथुर नावाच्या दात्याने कितीही धन दिलेलं असो, छत टिकलं का याचा निकाल बेसॉल्टने दिला, आणि तो कुणाला फिरवता आला नाही. ही लेणी ज्यांनी खोदली ते इतके भराभर शिकले याचं कारण मला यात दिसतं. रीत बदलायची पूर्ण मोकळीक होती, आणि निकाल देणारा पूर्णपणे त्यांच्या हाताबाहेर होता.

तुझ्या कामात खडक कोणता, हे शोध. तुमचे गुण बहुधा उशिरा पोचलेल्या फेऱ्या आणि डिझेल यांवरून निघत असतील. उशिरा पोचणारी फेरी ‘रद्द’ या सदरात ढकलली की ती उशिरांत मोजली जाते का? नसेल जात, तर प्रोग्रामला तो रस्ता कधी ना कधी सापडणार, कदाचित सापडलाही असेल. सगळ्यात आधी हे बघ: ज्या आठवड्यांत गुण चढले त्या आठवड्यांत रद्द फेऱ्या किती होत्या, आणि त्याआधी किती असायच्या. त्याच फेऱ्या दुसऱ्या दिवशी नव्या नंबराने पुन्हा निघताहेत का? मग चाकणला जा आणि गोदामावर माल उतरवून घेताना सही होते ती चलनं बघ. तिथली वेळ हाताने लिहिलेली असते. पंपावरच्या पावत्या बघ. दोन-तीन ड्रायव्हरांशी चहा घेत बोल. हे तुमच्या प्रोग्रामला बदलता येत नाही. चलनं आणि गुण एकच गोष्ट सांगत असतील तर माझी काळजी मिटली, आणि तुझा प्रोग्राम खरंच शिकतोय.

यंत्राला शिकू द्यायचं नाही असा अर्थ यातून काढू नकोस. युरिस्कोने लोकांना थक्क केलंय. १९८१च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटिओला ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा होती. ठराविक पैशांत अंतराळातलं आरमार उभं करायचं आणि दुसऱ्याच्या आरमाराशी लढवायचं. नियमांचं पुस्तक जाडजूड. लेनट हा खेळ कधी खेळलाच नव्हता. त्याने नियम युरिस्कोला दिले आणि रात्री यंत्रं रिकामी असायची तेव्हा लढाया चालवल्या. सराईत खेळाडूंनी डौलदार, वेगवान जहाजं आणली, आणि युरिस्कोने आणली शंभराच्या जवळपास संथ, जाड चिलखताची, लहान शस्त्रांनी ठासून भरलेली. लोक हसले, आणि सगळे हरले. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले, आरमाराच्या चपळाईला महत्त्व दिलं. तर युरिस्कोने आपलीच जायबंदी, रेंगाळणारी जहाजं बुडवून उरलेल्यांची चपळाई राखली, आणि पुन्हा जिंकला. तिसऱ्या वर्षी आलात तर स्पर्धाच बंद करू, असं सांगितल्यावर लेनटने नाद सोडला.

यातली जहाजं लोक लक्षात ठेवतात, मी लेनटच्या सकाळी लक्षात ठेवते. रात्रभर युरिस्को जे काही घडवायचा ते लेनट रोज सकाळी बसून निवडायचा. निरर्थक ते फेकायचा, बरं ते ठेवायचा, आणि यंत्राला पुन्हा दिशा दाखवून रात्रीला सोडायचा. विजयाचं श्रेय साठ टक्के आपलं आणि चाळीस टक्के युरिस्कोचं, दोघांपैकी एकट्याला हे जमलं नसतं, असं त्याने स्वतः मांडलंय. आता तुमच्याकडे बघ. सकाळी प्रोग्रामने काय बदललं ते कोण वाचतं? तुझ्या मेलवरून वाटतं, कुणीच नाही. गुणांचा आलेख बघतात आणि चहाला जातात. हे वाचायचं काम तू मागून घे. कंटाळवाणं आहे, त्यातून प्रमोशन लवकर मिळायचं नाही, पण तुमच्या सगळ्या डोलाऱ्यात तेच माणसाचं काम आहे. सगळे बदल वाचणं झेपत नसेल तर रात्रीत कमी बदल करू दे. वाचून होतील तेवढेच.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. यश आलं की ते नेमकं कशामुळे आलं ते शोध. १९८३ मध्येच लेनटने जॉन सीली ब्राउनबरोबर आणखी एक लेख लिहिला, एएम आणि युरिस्को चालताहेत असं का दिसतं, या विषयावर. त्यात त्याने आपल्याच यशाची चिरफाड केली. लिस्पची रचना गणिताच्या इतकी जवळची आहे की लिस्पमधल्या छोट्याशा प्रोग्रामात जरासा फेरफार केला तरी बऱ्याचदा गणितातलंच काहीतरी अर्थपूर्ण निघतं. म्हणजे एएमची बरीचशी चतुराई भाषेकडून उसनी आलेली होती. विषय बदलला, भाषा आणि विषय यांतलं ते नातं तुटलं, की त्याच फेरफारातून कचरा निघायचा. तुमचे नियम आज अंतर, वेळ, वजन यांच्या भाषेत आहेत, त्यात थोडा बदल केला तरी काहीतरी शहाणपणाचं निघतं. उद्या साहेब म्हणतील, ड्रायव्हरांच्या रजा आणि पगारही यालाच ठरवू दे. तिथे ही भाषा पुरणार नाही, आणि तिथे चुकलं तर कुणाच्या तरी घरची चूल अडेल. त्या दिवशी तू ठाम राहा.

लेनट पुढे वेगळ्याच वाटेने गेला. १९८४ पासून ऑस्टिनला ‘साइक’ नावाचा प्रकल्प त्याने धरला. यंत्राला माणसाचं साधं व्यवहारज्ञान एकेक वाक्य करून हाताने पुरवायचं, आणि ते काम त्याने २०२३ साली जाईपर्यंत केलं. युरिस्को सोडून दिल्याबद्दल त्याला नावं ठेवणारे आहेत. मी नाही ठेवत. आपल्या यशाची मर्यादा स्वतः मांडून, पुढची जवळजवळ चाळीस वर्षं कष्टाच्या कामाला देणारा माणूस मला मोठा वाटतो.

त्याच्याकडून एक बाजू मात्र लंगडी राहिली, आणि ती तू सांभाळ. १९८४ मध्ये रिची आणि हॅना या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी एएमवरचं लिखाण बारकाईने वाचलं आणि दाखवून दिलं की प्रबंधातलं वर्णन आणि प्रोग्राम यांचा सगळीकडे मेळ बसत नाही. यंत्राने काय केलं आणि माणसाने काय पुरवलं हे नंतर वेगळं काढणं अवघड झालं. याउलट लेण्यांचं बघ: इथे वॉल्टर स्पिंक नावाचे मिशिगनचे प्राध्यापक वर्षानुवर्षं येत असत, २०१९ साली गेले. खोल्यांच्या दारांचा खुंट फिरावा म्हणून दगडात कोरलेल्या खोबणीसुद्धा त्यांनी तपासल्या. ती खोबण कोरायची रीत बदलत गेली, आणि जुन्या रीतीच्या खुणा दगडात तशाच राहिल्या. त्यावरून कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर याचा क्रम त्यांनी लावला. त्यांचं सगळं सगळ्यांना पटलेलं नाही. पण वाद घालायला खुणा शिल्लक आहेत, ही केवढी मोठी गोष्ट! तुमच्या प्रोग्रामाच्या रोजच्या बदलांची नोंद त्याला पुसता येणार नाही अशा जागी ठेव: तारीख, आधीचा नियम, नंतरचा नियम, कुणी सुचवला, आणि कोणत्या माणसाने वाचून मान्य केला. शेवटच्या रकान्यात तुझं नाव येणार असेल तर न वाचता घालू नकोस.

साहेबांशी बोलताना एकदम नको म्हणू नकोस. चलनं आणि रद्द फेऱ्यांचा हिशेब हातात घेऊन जा आणि तो टेबलावर ठेव. मग सांग की गुण मोजणारा भाग वेगळ्या सर्व्हरवर जाऊ दे, प्रोग्रामला त्यातलं फक्त उत्तर दिसू दे, आणि तो बदलायचा झाला तर दोन माणसांच्या सहीने बदलू दे. त्याला खर्च फार येत नाही. ऐकलं नाही तर हेच मेलवर लिहून पाठव आणि प्रत स्वतःकडे ठेव.

हिशेब झाला की मला आकडे कळव, मीही इथे बसून बघीन. तुझ्या बाबांना सांग, या आठवड्यात मी फोन करते. दिवाळीत येशील तेव्हा सोमवार सोडून ये, सोमवारी लेणी बंद असतात. चोवीस नंबरातले अर्धवट सोडलेले खांब आणि छिन्नीचे घाव नीट बघायचे तर दुपारच्या आत पोचायला हवं, तेव्हा पुण्याहून रात्रीचीच गाडी धर.

तुझी,
आत्या